बिकानेरची माती आणि मोरबीच्या टाइल्स: कारखाना खाणीपाशी असावा का?

धागालेखक
राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातील कोलायत परिसरात सिरॅमिक उद्योगाला लागणाऱ्या मातीचे मोठे साठे आहेत. पण ही माती ट्रकने गुजरातेत मोरबीला जाते आणि देशातील बहुतांश टाइल्स तिथे बनतात. खाणीच्या गावाला उरतात खड्डे आणि धूळ; स्वामित्वधन (रॉयल्टी) तर सरकारजमा होते. मातीत ओल असते, शिवाय केओलिनाइट हे चिनी मातीतले मुख्य खनिज शुद्ध असले तरी त्याच्या रचनेतच पाणी असते, आणि त्याचे सुमारे १४ टक्के वजन भट्टीत उडून जाते. म्हणजे भाडे भरून आपण पाणीच वाहून नेतो. सरकारने गॅस आणि पाणी पोहोचवून कारखाने कोलायतलाच उभे करावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
असहमत. टाइलमध्ये माती हा स्वस्त घटक आहे. १,२०० अंशांच्या आसपास अहोरात्र पेटती ठेवावी लागणारी भट्टी खरा खर्च ठरवते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोरबीतील कोळशापासून गॅस बनवणारी यंत्रे बंद करायला लावली, तेव्हा कारखानदारांचे गणित विस्कटले ते इंधनापायी. ग्लेझ (टाइलवरचा चकचकीत लेप), सुटे भाग, जाणते कारागीर आणि कांडला-मुंद्रा ही बंदरे मोरबीच्या हाताशी आहेत. ती घडी अनुदानाने दुसरीकडे बसत नाही.

धागालेखक
मग मंगळुरी कौलांचे काय? बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, तो नेत्रावतीकाठच्या मातीच्या भरवशावरच.

प्रतिसाद १
कौल म्हणजे जवळजवळ सगळी मातीच, आणि कोकणापर्यंत माल न्यायला समुद्र होता. टाइल तशी निव्वळ मातीची नसते, आणि कोलायतला समुद्र नाही.

प्रतिसाद २
तुम्ही दोघेही टाइलवरच अडलात. वाळूमिश्रित चिनी माती जिथे निघते तिथे ती पाण्यात कालवून वाळू खाली बसू द्यायची, वरचा गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून त्याच्या वड्या वाळवायच्या. एवढे खाणीपाशी झाले तरी वाळूचे भाडे वाचते आणि कागद, रंग व रबर उद्योगांचे गिऱ्हाईक मिळू शकते. पाण्याची चणचण आहेच, पण प्रेसमधून निघालेले पाणी पुन्हा वापरता येते. शिवाय टाइलवाले रंगामुळे नाकारतात त्या मातीतही पुरेसे केओलिनाइट असेल, तर ८०० अंशांच्या आसपास भाजून ती चुनखडीसह सिमेंटमध्ये घालता येते. त्यासाठी आयएस १८१८९ हे भारतीय मानक २०२३ मध्ये आले, आणि राजस्थानात चुनखडी व सिमेंट कारखाने दोन्ही आहेत. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या (खाणबाधित भागासाठी खाणधारकांकडून पैसे घेणारी जिल्हा संस्था) निधीतून आधी मातीची प्रतवारी ठरवणारी प्रयोगशाळा कोलायतला व्हावी. आज माती तपासल्यावाचून सरसकट टनावर विकली, तर भाव नेहमी घेणाराच ठरवणार.