मे महिन्यात लातूरहून वेरूळ-अजिंठा: सात माणसं, एक एर्टिगा, चार दिवस. बेत तपासून द्या

मांजराकाठ

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लातूरहून निघायचंय. आई-अण्णा (दोघंही पासष्टीच्या पुढं, आईचे गुडघे दुखतात, अण्णांना बीपीची गोळी), आम्ही दोघं, बहीण आणि दोन लेकरं, वय ६ आणि ११. गाडी एर्टिगा, पेट्रोल, ५८ हजार किलोमीटर चाललेली.

बेत असा: शनिवारी सकाळी आठला निघून अंबाजोगाई-केज-मांजरसुंबा-बीड मार्गे संभाजीनगर. रविवारी वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद. सोमवारी अजिंठा. मंगळवारी पैठण करून परत.

क्रम बरोबर आहे का? गाडीचं काय काय बघून घ्यावं? शिदोरीत काय न्यावं जे उन्हात टिकेल? 'मेमध्ये जाऊच नका' हे घरात ऐकून झालंय. लेकरांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात, त्यामुळं तो सल्ला सोडून बाकी काहीही सांगा.

लेणीवाट

पहिलं म्हणजे सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ. तुमच्या बेतानं गेलात तर शंभर किलोमीटर जाऊन कुलूप बघून याल. म्हणून अदलाबदल करा: रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ. यात एक अडचण आहे. सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी असते, तेव्हा सकाळी लेणी आणि दर्शन संध्याकाळी, असं धरा. बुधवारी निघता आलं तर याहून बरं. गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी वेरूळ, कुठंच सुट्टी आडवी येत नाही.

शनिवारी आठला नाही, पाचला निघा. संभाजीनगर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. पाचला निघालेला माणूस आठ-साडेआठला बीडजवळ नाष्टा करतो आणि अकरा-साडेअकराला खोलीवर असतो. आठला निघालेला ऐन दोनच्या उन्हात शहरात शिरतो आणि लेकरं रडत असतात. पोचल्यावर पाचपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. संध्याकाळी पाणचक्की आणि मकबरा.

अजिंठा: लेणी ९ ला उघडतात, त्यामुळं ऊन पूर्ण टळत नाही, वेळ फक्त नीट लावता येते. संभाजीनगरहून सहाला निघून फुलंब्री-सिल्लोडवरून साडेआठपर्यंत फर्दापूर फाटा गाठा. अजिंठा नावाचं गाव आधी लागतं, तिथं थांबू नका. लेणी त्या गावात नाहीत, घाट उतरून फर्दापूरकडून आत जायचं असतं. खासगी गाडी फाट्यावरच लावावी लागते, पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसनं. तिकिटासाठी सगळ्यांनी उन्हात रांगेत उभं राहण्याची गरज नाही, ऑनलाइन काढून ठेवा. १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

बस उतरल्यावर पायऱ्या चढून लेणी क्रमांक १. आईंना तिथं डोली मिळते, भाव आधी ठरवून घ्या. त्यांच्यासाठी १, २, १६, १७ एवढी पुरे. तरुण मंडळींनी १९ आणि शेवटाकडची २६ (निजलेल्या बुद्धाची) करून यावं. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अकरानंतर बाहेरचा दगड तव्यासारखा असतो. प्रत्येकाच्या खिशात मोज्यांचा जोड असू द्या. आत शिरल्या शिरल्या काही दिसत नाही. दोन-तीन मिनिटं गप्प उभे राहा, डोळे सरावले की भिंतीवरचे रंग उमटायला लागतात. बहुतेक लोक अर्ध्या मिनिटात 'इथं काय नाही' म्हणून परत फिरतात. फ्लॅशला बंदी आहे.

वेरूळ: डोंगराची ही बाजू पश्चिमेकडं तोंड करून आहे. म्हणजे सकाळी लेण्यांसमोर सावली आणि दुपारनंतर ऊन थेट अंगावर. इथं दार सकाळी सहाला उघडतं, तेव्हा साडेसहाला आत असा. आधी १६ नंबरचं कैलास, मग दक्षिणेकडं १२ आणि १०. जैन लेणी (३० ते ३४) उत्तरेला लांब आहेत, तिकडं वाहनानंच जा. दहापर्यंत सगळं आटोपतं.

दौलताबाद वगळा. वरची चढण उघड्यावर आहे, अंधाऱ्या भुयारात चामचिड्या आणि दमट हवा. आईंच्या गुडघ्यांचं तर नावच नको. लेकरांचा हट्टच असेल तर चांद मिनारपर्यंत जाऊन माघारी.

आणखी एक. वेरूळ-अजिंठ्याला वानरं हातातलं खाणं हिसकावतात, आणि अजिंठ्याच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. भडक सेंट नको, धूर नको, आरडाओरडा नको.

गॅरेजकट्टा

टायरपासून सुरू करतो, कारण उन्हाळ्यात टायर फुटून गाड्या उलटतात. आपल्याकडं एक समज पक्का बसलाय की उन्हात हवा वाढते म्हणून दोन-चार पॉइंट कमी भरावी. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते. त्या दबण्यानं आतून उष्णता तयार होते आणि तारा-रबराची पकड सुटते. फुटतो तो असा. तापमान दहा अंश वाढलं तर दाब साधारण दीड पीएसआय वाढतो आणि तेवढं टायर सहज सोसतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यात पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असेल तर तो घ्या. तुम्ही सात जण अधिक सामान आहात. मोजायची सकाळी, गाडी दोन किलोमीटरच्या आत चाललेली असताना. दुपारी पंपावर तापलेल्या टायरची हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी भरणार.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी शिल्लक असली तरी बदला. स्टेपनीचंही वय बघा, ती कायम विसरली जाते. जॅक आणि पाना सामानाच्या तळाशी नको, वर हाताला लागेल असा.

कूलंट: बाटलीतली पातळी थंड इंजिनवर दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर तयार कूलंट, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्या भागातलं बोअर क्षाराचं आहे, किटलीत जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. ५८ हजारांत कूलंट एकदाही बदललं नसेल तर विचारून घ्या. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या पुढच्या जाळीत धूळ-किडे अडकतात, हलक्या धारेनं धुवा. वॉशिंगवाल्याचं प्रेशर लावलं की पत्रे वाकतात आणि हवा जाणं आणखी कमी होतं.

मांजरसुंब्याच्या घाटात किंवा अजिंठ्याच्या घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकला तर: एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर पूर्ण. नको वाटेल, पण इंजिनची उष्णता आत खेचायचा तोच मार्ग आहे. तरी उतरत नसेल तर सावलीला बाजूला घ्या. वाफ दिसली की इंजिन लगेच बंद. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. आणि वरून गार पाणी ओतायचं नाही, इंजिनचं तापलेलं हेड (वरचा भाग) वाकतं.

एसी: उन्हात उभी केलेली गाडी असेल तर काचा खाली करून मिनिटभर चालवा, मग काचा वर आणि आतली हवा फिरवणारं बटण. सात माणसांत ते सतत चालू ठेवलं तर हवा कोंदटते, ड्रायव्हरला गुंगी येते. तासाभरानं पाच मिनिटं बाहेरची हवा घ्या. तिसऱ्या रांगेत गारवा उशिरा पोचतो, तिथं आई-अण्णांना बसवू नका.

तिन्ही रांगा भरल्या की एर्टिगाच्या डिकीत २०९ लिटर जागा उरते, म्हणजे दोन बॅगा. कॅरिअर लावणार असाल तर वर कपडे-अंथरुणं, पाण्याचा जार खाली.

धपाटे_आणि_ठेचा

शिदोरीचं मी सांगते. दशम्या दोन दिवस टिकतात, धपाटे एक. सात जणांना साधारण २५ दशम्या: ४ वाट्या गव्हाचं पीठ, पाऊण वाटी गूळ एक वाटी दुधात विरघळवून गाळलेला, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, चिमूट मीठ. एवढ्यात १२-१३ होतात, दुप्पट करा. पाण्याचा थेंब नको, टिकणं त्यावरच आहे.

धपाट्यांना ३ वाट्या ज्वारी, १ गहू, पाऊण वाटी बेसन, लसूण-मिरची वाटून, तीळ, ओवा, हळद. प्रवासाच्या धपाट्यात कांदा आणि दही घालू नका, दुपारपर्यंत आंबतात. पहिल्या दिवशी दुपारीच संपवा. शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी कोरडी न्या. दही, ओली खोबऱ्याची चटणी, बटाट्याची भाजी घरीच राहू द्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते बांधण्यात. गरम धपाटे डब्यात किंवा फॉइलमध्ये भरले की आत घाम सुटतो आणि चार तासांत वास येतो. सुती कापडावर पसरून पूर्ण गार करा, मग कापडातच गुंडाळा.

पाणी माणशी साडेतीन लिटर धरा, म्हणजे दिवसाला २५. एक २० लिटरचा जार आणि प्रत्येकाची बाटली. जारला ओलं बारदान गुंडाळा. आपली हवा कोरडी, त्यामुळं पाणी गारच राहतं. ओआरएसची अख्खी पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी अर्ध्या ग्लासात असलं काही नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

मांजराकाठ

सोमवारचं माहीतच नव्हतं, वाचलो. शनिवारी पाचलाच निघतो. दोन शंका: अण्णांच्या गोळीचं काय? आणि मंगळवारी पैठणहून परत कसं यावं?

धपाटे_आणि_ठेचा

बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. उन्हात त्यानं पाणी आणि मीठ दोन्ही उतरतं, उभं राहताना चक्कर येते. स्वतः गोळी बंद करू नका, निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या. ओआरएसमध्येही मीठ असतं, तेही विचारा. अण्णा बरळायला लागले, अंग तापलं, घाम थांबला तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत झोपवून मान, काखा, जांघा ओल्या कापडानं पुसत राहा आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

लेणीवाट

संभाजीनगरहून साडेपाचला निघा, सातपर्यंत पैठण. नाथांची समाधी, मग धरणाच्या बाजूला चक्कर. मेमध्ये नाथसागराचं पाणी मागं हटलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या काठाला गाळ असतो, पाय रुततो. लेकरांना पाण्यात उतरू देऊ नका. पैठणी बघायची तर मागावर चला, पण घरच्यांना वेळ सांगून ठेवा, तिथं दोन तास कुठं जातात कळत नाही. दहाला निघून पाचोडवरून हमरस्त्याला लागा, पुढं गेवराई, बीड, आलेला रस्ता.

गॅरेजकट्टा

परतीच्या दिवशीही सकाळी हवा मोजा. आणि गाडी उभी करून जाताना लायटर, डिओचा डबा, पॉवर बँक काचेखाली ठेवू नका, बंद गाडीत ते फुटतात.