कोब्याला तडे का जातात?

कोबा म्हणजे विटांचे रोडे आणि चुन्याचा गारा चोपून केलेली जमीन. इंदूरात तो घालणाऱ्यांचे दोन प्रश्न असतात: खाली प्लास्टिक घालू का, आणि चौथ्याच दिवशी तडे का गेले? आधी खालची काळी माती बघा. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. ती आधी किमान दोन फूट काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत धुम्मसाने ठोकून भरा. त्यावर ६ इंच मोठी, धुतलेली गिट्टी, चुरी (दगडाची बारीक भुकटी) अजिबात नको. बारीक पोकळ्याच नसल्या तर ओल वर चढत नाही, मग प्लास्टिक कशाला? ते घातलं की ओल कडेने भिंतीत शिरते.

१० बाय १२ फुटांच्या खोलीला ४ इंच कोबा धरा: भाजक्या विटांचे रोडे ५० घनफूट, चुना-सुरखीचा गारा २० घनफूट (चुना १ भाग, सुरखी म्हणजे विटांची भुकटी २ भाग). रोडे रात्रभर भिजवा, नाहीतर ते गाऱ्यातलं पाणी पितात. कळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवून, गाळून, पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा. न विरलेला कण नंतर फुगतो आणि फरशीवर खळगी पडते. विरवताना डोळ्यांना चष्मा हवाच.

रोडे आणि गारा कालवून ५ इंच पसरा आणि चोपून ४ वर आणा. पाणी शिंपडत लाकडी थापीने चोपत राहा. थापी उसळू लागली आणि चुन्याची साय वर आली, की थांबा. लोक इथेच कंटाळतात!

चौथ्या दिवशीचे तडे मात्र बहुधा मे महिन्यातल्या कोरड्या वाऱ्याचे, कोबा फार लवकर सुकतो. दहा दिवस ओली पोती हवीत. कपाट महिनाभर तरी नको.