नेता पारखायचा कशावर: चारित्र्य, छाप की अनुभव?

तळजाईची_वाट

पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या घोळक्यात सध्या तीन तट पडलेत. पहिला म्हणतो, माणूस स्वच्छ हवा, बाकीचं शिकता येतं. दुसरा म्हणतो, ज्याला सभा जिंकता येत नाही तो कितीही सज्जन असला तरी उपयोग शून्य. तिसऱ्यात बहुतेक निवृत्त मंडळी. त्यांच्या मते ज्याला अंदाजपत्रक वाचता येत नाही त्याला निवडून देणं म्हणजे गाडी न शिकलेल्याच्या हाती पीएमपीची बस सोपवणं.

मी पहिल्या तटातली. पण चारित्र्य हा शब्द आपण फार सैल करून ठेवलाय. दारूला शिवत नाही, साधं राहतो, वारीला जातो, एवढ्यालाच चारित्र्य म्हणायचं असेल तर ते चौकातल्या फ्लेक्सवरही मावतं. मी एकच बघते: आपलं नुकसान समोर दिसत असताना या माणसाने काय केलं?

याच शहरातलं उदाहरण देते. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून सजावटीवर हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. ते पैसे शिक्षणावर घाला, असं जोतीराव म्हणाले. बत्तीस सदस्यांत विरोधी मत त्यांचं एकट्याचं पडलं. सरकारनेच नेमलेला माणूस सरकारच्या सर्वोच्च पाहुण्याच्या स्वागताला विरोध करतो, याची किंमत त्यांना ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल?

आता माझा प्रश्न. आपल्या भागातल्या उमेदवारांपैकी असा एकट्याचा हात कुणी कधी वर केलाय? माहीत असेल तर सांगा. मला खरंच ऐकायचंय.

अरण्येश्वरकर

ताई, मान ठेवून असहमत.

25 सप्टेंबर 2019 ची रात्र. आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आम्ही तळमजल्यावर होतो. रात्री अकराच्या सुमारास पाणी उंबऱ्याला लागलं आणि बघता बघता ओट्यापर्यंत चढलं. वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना खांद्यावर घेऊन जिन्यापर्यंत पोचवलं ते आमच्या भागातल्या ज्या पुढाऱ्याने, त्याच्यावर मारामारीची केस होती. माणूस तोंडाने शिवराळ. पण छातीइतक्या पाण्यात दोर बांधून चार तास उभा होता. ज्यांना आम्ही सुशिक्षित, स्वच्छ म्हणून मतं दिली होती ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आले, इस्त्रीच्या कपड्यात. फोटो काढले, हात जोडले, गेले.

शहरात त्या रात्री माणसं वाहून गेली. माझे वडील वाचले. जोतीरावांसमोर मी वाकतोच. पण मला पारख शिकवली त्या रात्रीने, आणि माझं मत त्या दोर धरणाऱ्याला आहे.

नारायणपेठी

विषय पुण्याचा निघालाय तर 1897 विसरून चालणार नाही. चारित्र्याची एकच कसोटी लावू गेलं की काय घोटाळा होतो ते त्या एका वर्षात दिसतं.

प्लेगचं साल. घराघरांची झडती चाललेली. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांविषयी तिथल्या वृत्तपत्रात आरोप केले. परत येऊन पुरावा मागितला तर कुणी पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला.

त्याच वर्षी, प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर, केसरीतल्या लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. माफी मागा, सुटाल, असं सुचवणारे हितचिंतक होते. टिळकांनी नकार दिला आणि अठरा महिन्यांची शिक्षा घेतली.

एकाने मागितली, दुसऱ्याने नाकारली. नुकसान दोघांनीही पत्करलं. ताईंच्या कसोटीला दोघेही उतरतात. मग त्या काळातल्या मतदाराने निवडायचं कुणाला? इथे शैलीचा मुद्दा येतो, आणि तो मला मुळीच हलका वाटत नाही. गोखल्यांची आकडेवारीने भरलेली अंदाजपत्रकावरची भाषणं कायदेमंडळात सरकारला ऐकावी लागत. टिळकांचे अग्रलेख गावोगाव मोठ्याने वाचले जात. कोण कुणापर्यंत पोचतो, हे त्याच्या बोलण्या-लिहिण्याच्या धाटणीवर ठरतं. चांगुलपणा पोचलाच नाही तर तो घरातल्या घरात राहतो.

फाईल_नंबर

मी एका नगरपालिकेत लेखा विभागात बत्तीस वर्षं काढली. (पुण्याबाहेरची, त्यामुळे कुणी ओळखीचं शोधू नये.) सज्जन नगरसेवकांना फसताना जितकं बघितलंय तितकं लबाडांनाही बघितलेलं नाही.

नवा, प्रामाणिक माणूस येतो. अंदाजपत्रकात शाळेच्या दुरुस्तीला पैसे पडले म्हणून खूश होऊन वॉर्डात पेढे वाटतो. आठ महिन्यांनी वर्गीकरणाचा प्रस्ताव येतो: त्या लेखाशीर्षावरचे पैसे उचलून दुसरीकडे. विषयपत्रिकेत पंचेचाळिसावा विषय, सभा संपत आलेली, "मंजूर, मंजूर". हा माणूस तिथेच बसलेला असतो. त्याला कळतच नाही की त्याच्या शाळेचं छत आत्ताच गेलं. यात त्याचं चारित्र्य काय करणार?

अनुभव म्हणजे किती निवडणुका जिंकल्या हे नव्हे. स. गो. बर्वे घ्या. आयसीएस अधिकारी, पुणे महापालिका 1950 मध्ये झाली तेव्हाचे पहिले आयुक्त. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा पुनर्वसनाचं काम त्यांच्याकडे आलं. गोखलेनगर, लोकमान्यनगर या पूरग्रस्तांच्या वसाहती. नोकरी सोडून 1962 ला ते शिवाजीनगरमधून विधानसभेवर निवडून गेले, मंत्री झाले. सभा गाजवण्यासाठी त्यांचं नाव कुणी घेत नसे. पण कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, हे त्यांना पाठ होतं.

चार_मतांची_बाई

काका, तुमचा शाळेच्या छताचा किस्सा पटला, तरीही अनुभवाचा हा मुद्दा ऐकला की माझं रक्त तापतं.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांना 2011 पासून निम्म्या जागा आहेत. त्याआधी तेहतीस टक्के. त्याच्याही आधी आम्हाला अनुभव मिळणार होता कुठे? स्वयंपाकघरात? 2017 ला पुण्यात बहुतेक प्रभाग चार-चार सदस्यांचे होते, एकूण 162 जागा. मी माझ्या प्रभागात चार मतं दिली. त्यातली दोन महिलांच्या जागांना. लोक सरळ विचारत होते, "हिचा नवरा काय करतो?" म्हणजे अनुभव तिच्या नवऱ्याचा मोजायचा, आणि ती निवडून आल्यावर फोनही त्यालाच करायचा!

त्या चौघांत एक अगदी नवखी होती. पहिलं वर्षभर सभागृहात तोंड उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी तिने आमच्या इथल्या शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न हातात घेतला, आणि ते होईपर्यंत सोडला नाही. तीन अनुभवी माणसांना त्याआधी पंधरा वर्षांत तो प्रश्न दिसलाच नव्हता. अनुभव माणसाला काही गोष्टी दाखवतो आणि काही गोष्टींची सवय करून टाकतो.

आणि 2022 च्या मार्चपासून कितीतरी काळ इथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. कारभार सगळा अनुभवी अधिकाऱ्यांच्या हाती. पण तक्रार घेऊन जायला दार कुठलं, हे आमच्या सोसायटीत कुणालाच सांगता येत नव्हतं.

मांजरीचा_ऊस

नवखेपणाबद्दल ताईंशी सहमत. शिक्षणाबद्दलही हेच. अरण्येश्वरकरांनी "सुशिक्षित, स्वच्छ" असं एका दमात लिहिलंय, तिथे अडखळलो. वसंतदादा शाळा फारशी शिकलेले नव्हते. आज आमच्या मांजरी गावात त्यांच्या नावाने साखरेवर संशोधन करणारी संस्था उभी आहे, आणि 1983 ला विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं तेही त्यांच्याच सरकारने. त्या निर्णयाचं पुढे काय झालं यावर वेगळा धागा काढा, मी भांडायला येईन. पण निर्णयाची ताकद पदवीतून आली नव्हती.

छाप नसलेल्या माणसांबद्दल मात्र नारायणपेठींना थोडं अडवतो. वि. स. पागे हे नाव आमच्या पोरांना माहीत नाही. अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला मजुरांना काम देण्याचा छोटा प्रयोग त्यांच्या कल्पनेतून झाला. 1972 च्या दुष्काळात लाखो हातांना काम मिळालं ते मुख्यतः सरकारच्या दुष्काळी कामांवर. पण रोजगार हमीचा 1977 चा कायदा पाग्यांच्या त्या कल्पनेतूनच आला. आमच्या आजीने रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलीय. पागे कसे दिसतात हे तिला कधी कळलं नाही. पोचले ते तिच्यापर्यंत.

तळजाईची_वाट

सगळं दोनदा वाचलं. अरण्येश्वरकर, तुमचा प्रतिसाद वाचून मी थांबले. तुमच्या वडिलांना खांद्यावर घेणाऱ्या माणसाने माझ्याच कसोटीप्रमाणे नुकसानीची पर्वा केली नाही. ते मी मान्य करते. शिवराळपणा, इस्त्रीचे कपडे, हे सगळं माझ्याही यादीतून जावं.

पण एक विचारते, रागावू नका. मीही त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला राहिले आहे. पुराच्या आधी चार-पाच वर्षं एका ठिकाणी ओढ्याच्या काठाला धरून भिंत चढत होती. पात्र आवळलं जातंय हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं. आमच्या वस्तीतल्या बायका तक्रार घेऊन एका पुढाऱ्याकडे गेल्या, तर त्याने त्यांना गप्प बसवून परत पाठवलं. तुम्ही म्हणता तो आणि हा एकच का, मला ठाऊक नाही. पण असला तर? रात्री दोर धरणारा आणि दिवसा भिंत चढू देणारा एकच माणूस असेल, तर आपण त्याच्या कुठल्या हाताला मत द्यायचं?

म्हणून केस कसली आहे हे वाचायला हवं. 2002 आणि 2003 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, शिक्षण प्रतिज्ञापत्रात लिहावं लागतं. 2020 मध्ये तर न्यायालयाने पक्षांना बजावलं की गुन्हे असलेल्याला विधानसभा-लोकसभेचं तिकीट दिलंत तर कारण छापा, आणि "निवडून येण्याची क्षमता" हे कारण चालणार नाही. आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा आणि जमीन बळकावल्याचा गुन्हा एकाच रकान्यात बसतात. रकाना मोजू नका, आतली ओळ वाचा. आमच्या घोळक्यातल्या किती जणांनी ती वाचली, असं मी विचारलं. दोघांनी.

फाईल_नंबर काका, तुमचं एक मी उचलतेय. सभेतल्या पंचेचाळिसाव्या विषयाला कोण जागा होता, हे कळायला सभेचं इतिवृत्त वाचावं लागेल. आम्ही चौघी मिळून ते मागवणार आहोत.

नारायणपेठी

मांजरीकर, पाग्यांच्या बाबतीत हरलो. पण त्यांची कल्पना सभागृहात मांडायला, लोकांच्या गळी उतरवायला दुसरी माणसं होती. एकटा मूक माणूस नगरसेवक म्हणून माझ्या पेठेत उभा राहिला तर मी अजूनही दोनदा विचार करीन.

अरण्येश्वरकर

चार दिवसांनी लिहितोय. ताईंचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. रागही आला होता, खोटं कशाला बोलू.

काल संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. वडिलांची चौकशी केली त्याने, चहा मागवला. मी भिंतीचं विचारलं. त्या बायका तुझ्याकडेच आल्या होत्या का? बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आल्या होत्या. मीच सांगितलं, गप बसा." का, विचारलं. म्हणाला, बांधणाऱ्याने मंडळाच्या गणपतीला मोठी वर्गणी दिली होती. पाणी एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

चहा प्यायलो नाही. जिन्यावरून उतरताना पाय लटपटत होते. वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही, ते रोज त्याचं नाव घेतात.

ताई, इतिवृत्त मागवायला तुम्ही चौघी जाणार त्या दिवशी मला कळवा. मी येतो.