मदत हवी आहे: माथाडीचं काम सोडायचंय, पुढं काय?

कोयनाकाठ
कांदा-बटाटा मार्केट, तुर्भे. कंबर कामातून गेली. डॉक्टर म्हणतात वजन उचलायचं नाही. दुसरं काम सुचवा, लवकर. वॉचमनचं सांगू नका, बारा तास उभं राहणं जमणार नाही.

घणसोलीची ताई
दादा, वय किती, शिक्षण किती? माथाडी मंडळात नोंदणी आहे की बदलीवर जाता? कळल्याशिवाय काय सांगणार?

कोयनाकाठ
वय ४४, दहावी पास. नोंदणी आहे, वडिलांच्या जागी माथाडींच्या टोळीत लागलो. पुढच्या महिन्यात राजीनामा देतोय.

जुना ठाणेकर
रिक्षा घ्या. माझ्या मेव्हण्याने कळव्यात तेच केलं, स्वतःचा मालक आहे.

घणसोलीची ताई
मणक्याच्या माणसाला रिक्षा? ठाणे-बेलापूर रोडवरून दिवसभर हादरे खाऊन दाखवा आधी.

जुना ठाणेकर
ताई, गोणीपेक्षा बरंच की. बसून काम आहे.

गाळा क्रमांक सांगणार नाही
राजीनामा थांबवा! तुमचा फंड आणि ग्रॅच्युइटी माथाडी मंडळाकडे असते, व्यापाऱ्याकडे नाही. आधी मंडळात जाऊन किती जमा आहे आणि आजारपणामुळे काम सोडलं तर काय मिळतं, ते लेखी घ्या. डॉक्टरांचा कागद सोबत न्या. मुकादमाच्या तोंडी शब्दावर सही करू नका.

वाशीकर ६९
हा माथाडी कायदा १९६९ चा आहे, माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांनी लढून मिळवलेला. त्याआधी हमालाला ना फंड होता ना रजा. आणि आज? पन्नास किलोच्या वरची गोणी येऊ नये म्हणून अजूनही काम बंद करावं लागतं. कंबर का जाते ते आधी बघा!

जुना ठाणेकर
मुद्दा बरोबर, पण त्यांनी काम विचारलंय.

गाळा क्रमांक सांगणार नाही
कामाचंच सांगतो. कोयनाकाठ, तुम्हाला माल कळतो. गोणीला आकडा लावताच आत ओल आहे का हे हाताला समजतं. गोल्टी म्हणजे बारका कांदा कुठला, मोठा माल कुठला, कोंब कधी येणार, हे नवख्या पोराला वर्षभर शिकवावं लागतं. भाजी पुरवणाऱ्या कंपन्यांच्या गोदामात माल तपासायला, प्रतवारी करून घ्यायला माणसं लागतात. आमच्या गाळ्यावरचा एक माथाडी तिकडे गेला. पगार सुरुवातीला कमी, पण उचलणं नाही. मोबाईलवर नोंद करता येते का?

कोयनाकाठ
व्हॉट्सॲप येतं. एक्सेल नाही.

घणसोलीची ताई
तेवढं घरातली पोरं शिकवतील. आहे का घरात कुणी शिकणारं?

कोयनाकाठ
मुलगा बारावीला आहे.

पाटणचा पाहुणा
मुलाला टोळीत घालू नका, आयटीआयला घाला. आणि गावी जमीन असेल तर शेळीपालन करा. अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून कर्जावरचं व्याज परत मिळतं, मात्र कर्ज बँकेचंच आणि हप्ते वेळेवर भरायला हवेत.

कोयनाकाठ
गावी जमीन नाही. मुलाचं मी विचारलं नव्हतं. राजीनामा थांबवतो. गाळेवाले दादा, त्या गोदामाचं व्यक्तिगत निरोपात कळवा. मंडळात सोमवारी जातो. कागद मूळ लागतात की झेरॉक्स चालेल?

गाळा क्रमांक सांगणार नाही
मूळ दाखवायला न्या, द्यायची झेरॉक्सच. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय निघू नका.