थँक्सगिव्हिंग: जेवण ठेवा, पिसांच्या टोप्या सोडा

चिंचगूळ
धाकटी परवा इथल्या अमेरिकन शाळेतून कागदी पिसांची टोपी घालून आली. "आई, पिल्ग्रिम लोकांनी इंडियन लोकांना जेवायला बोलावलं, म्हणून थँक्सगिव्हिंग!" तिच्या हिशेबाने इंडियन म्हणजे आपणच, त्यामुळे स्वारी भलतीच खूश.

पण पिल्ग्रिम, म्हणजे इंग्लंडहून आलेले वसाहतकरी, त्यांच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावातल्या १६२१ मधल्या त्या जेवणाचं वर्णन म्हणजे एडवर्ड विन्स्लोच्या पत्रातल्या चार ओळी. वांपानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांचा (तेच ते 'इंडियन') प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला, तीन दिवस खाणंपिणं चाललं, पाच हरणं त्यांनीच मारून आणली. आमंत्रणाचा उल्लेख नाही. 'थँक्सगिव्हिंग' हा शब्दही नाही.

आजची सुट्टी आली ती सारा जोसेफा हेल या मासिकाच्या संपादिकेमुळे. बाईंनी वर्षानुवर्षं राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहिली. शेवटी ऐन यादवी युद्धात, ३ ऑक्टोबर १८६३ ला लिंकनने जाहीरनामा काढला: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभाराचा. त्यात प्लिमथचं नाव नाही. युद्धातल्या विधवा आणि अनाथ मात्र आहेत. म्हणून माझं मत, सण लिंकनचा म्हणून करावा आणि १६२१ची गोष्ट शाळांनी सोडून द्यावी.

उंबरठा
असहमत. चिंचगूळताई, सण कोणी कागदपत्रं तपासून करतं का? पोळ्याला आपण बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, पुरणपोळी खाऊ घालतो, तेव्हा हे कोणत्या शकात सुरू झालं असं विचारतो का? मी इथे आले तेव्हा नोव्हेंबरात ओळखीचं एक माणूस नव्हतं. शेजारच्या आजींनी दार वाजवून जेवायला नेलं. टर्की खात नाही म्हटल्यावर रताळ्याचं आणि मक्याचं ताट समोर ठेवलं. माझ्यासाठी थँक्सगिव्हिंग तेवढंच. पोरांची टोपी कागदाची आहे, घालू द्या की.

कडूलिंब
दोघींशीही असहमत, आणि चिंचगूळताईंशी जास्त. तुम्ही १६२१ नाकारता आणि १८६३ला सोवळ्यात ठेवता. त्या जाहीरनाम्याच्या वर्षभर मागेही जाऊन पाहिलं नाहीत. २६ डिसेंबर १८६२, मिनेसोटातलं मँकाटो: डकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी. शिक्षा ३०३ जणांना झाली होती, लिंकनने यादी कापली हे खरं, पण उरलेल्या नावांना मंजुरी त्याचीच.

आणि प्लिमथची गोष्ट सोडायची कशाला? पूर्ण सांगा. टिस्क्वांटम या वांपानोआग माणसाला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. तो कसाबसा इंग्लंडमार्गे परतला, तर त्याचं पटक्सेट गाव साथीच्या रोगाने ओस पडलेलं. त्याच मोकळ्या जागेवर प्लिमथ वसलं, आणि त्यानेच या लोकांना मका पेरायला शिकवला. पुढे मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ मध्ये इंग्रजांशी लढताना मारला गेला. त्याचं मुंडकं त्याच प्लिमथमध्ये खांबावर वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. बाप ज्या गावात जेवला, त्याच गावात.

१९७० मध्ये पिल्ग्रिम येऊन ३५० वर्षं झाली म्हणून वांपानोआग वक्ते फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं. आयोजकांनी मसुदा आधी वाचला आणि 'असं बोलता येणार नाही' म्हणून सांगितलं. त्यांनी प्लिमथमधल्याच कोल्स हिल या टेकडीवर जाऊन आपली सभा घेतली. तेव्हापासून दरवर्षी याच गुरुवारी तिथे राष्ट्रीय शोकदिन पाळतात. उंबरठाताई, टोपी कागदाचीच आहे, पण नक्कल जिवंत माणसांची आहे.

फोडणी
तुम्ही सगळे लिंकनवर भांडताय, खरं दैवत दुकानदार आहे हो. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही. एका देशात दोन थँक्सगिव्हिंग! शेवटी १९४१ मध्ये चौथा गुरुवार कायद्याने ठरला. बाकी टर्की कितीही तूप चोपडा, कोरडीच. आमच्याकडे लाल भोपळ्याचे घारगे असतात.

उंबरठा
मेटाकॉमचं माहीत नव्हतं. वाचून घास अडकला. पण म्हणून त्या आजींचं ताट खोटं होतं असं मी म्हणणार नाही, कडूलिंब.

कडूलिंब
ताट खरंच होतं. मी गोष्टीला खोटं म्हणतोय.

चिंचगूळ
मँकाटोचं मान्य, लिंकनला मी फारच घासूनपुसून मांडलं. तरी 'शाळेत सगळंच सांगा' यावर अडते. सहा वर्षांच्या पोरीला मुंडक्याची गोष्ट कशी सांगू? टिस्क्वांटमचं पळवून नेणं आणि मका मात्र नक्की सांगता येईल. बाईंना पत्र लिहायला घेतलंय: असले लांब पिसांचे मुकुट मैदानी प्रदेशातल्या जमातींचे, वांपानोआगांचे नव्हेत. टोपी तूर्त फ्रिजवर आहे. काढली तर रडारड होईल.

कडूलिंब
पत्रात 'इंडियन' न लिहिता वांपानोआग लिहा. आणि हे लोक अजून मॅसॅच्युसेट्समध्येच राहतात, हेही एका ओळीत येऊ द्या.

चिंचगूळ
लिहिते. फोडणी, घारग्यांना गूळ किती घेता?

फोडणी
भोपळ्याच्या किसाच्या निम्मा. इथला भोपळा फार पाणी सोडतो, आधी परतून घ्या.