बायकांचा श्वास म्हणे लवकर परततो!

ढापण्या: काल इथे रजनीताईंनी ठोकून दिलं की मानेत मज्जारज्जूला मार बसला तर बायकांचा श्वास पुरुषांआधी सुधारतो, "निसर्गानेच आपल्याला चिवट केलंय". अहो, त्या प्रयोगात उंदीर होते! मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जू एकाच बाजूने अर्धा कापलेले. डायफ्रॅम, म्हणजे श्वासाचा पडदा, हलवणारी नस कापलेल्या जागेच्या खालून निघते, म्हणून त्या बाजूचा डायफ्रॅम थांबतो आणि मग दुसऱ्या बाजूने येणाऱ्या मज्जातंतूंच्या झोपलेल्या वाटा हळूहळू जाग्या होतात. अशा वाटा असतात हे पोर्टर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९५ मध्येच दाखवलंय. माद्यांमध्ये ही सुधारणा जास्त दिसली, मान्य. त्यात 'चिवट' कुठून आलं?

रजनी: उंदीर म्हणून नाक मुरडू नका. इतकी वर्षं नरांवरच प्रयोग झाले, माद्यांचं हार्मोनचं चक्र आकडे बिघडवतं म्हणे. शेवटी संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेला २०१६ पासून सांगावं लागलं, निधी हवा तर लिंगाचा विचार करा. तेव्हा तुमचा चष्मा कुठे होता?

फिजिओ_बाई: चक्राचं खरंय, हार्मोन बदलले की माद्यांच्या डायफ्रॅमच्या नसेचा प्रतिसादही बदलतो. पण मेंदूच्या दुखापतीत प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनचा प्राण्यांवरून असाच गाजावाजा होता. २०१४ मध्ये माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्या आल्या, फायदा शून्य.

मिरजकर: तुमचे उंदीर राहू द्या. माझ्या वहिनीचा पदर मळणीयंत्रात गेला, मान मोडली. ते श्वास ओढून बॉल उचलायचं तीन बॉलचं मशीन, त्यातला पहिला बॉल उचलायला तिला अकरा दिवस लागले. समोरच्या खाटेवर विहिरीत सूर मारलेला पोरगा, चौथ्या दिवशी दोन बॉल! कारण त्याच्या उशाशी आई, बायको, बहीण. वहिनीजवळ एकटी आमची म्हातारी. भाऊ आठव्या दिवशी कामावर. कफ घरघरायचा तरी सिस्टर म्हणायच्या, बाया सोसतात. हे 'चिवट' तिथूनच येतं, ताई.

रजनी: मग तेच म्हणतेय ना! पुरुष करतात का कुणी बायकोचं?

जोशीकाका: सरसकट बोलू नका. सहा वर्षं बायकोचं सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून काढणं, मी करतोय. खोकला येत नाही तिला. पोटावर दोन्ही तळवे ठेवून ती श्वास सोडते तेव्हा वर दाबावं लागतं, रात्री दोनलासुद्धा. सोसायटीत कुणी विचारत नाही, आणि तुम्ही इथे न्यायनिवाडा करताय.

ढापण्या: काका, एका तुमच्यावरून काय सिद्ध होतं?

जोशीकाका: काही नाही. तुमच्या उंदरावरून तरी काय झालं? ती खुर्चीत बसली की धापते, आडवी केली की शांत. सहा महिने मी उलटं करत होतो, दम लागला की उठवून बसवायचो. सांगितलं का कुणी?

फिजिओ_बाई: बसल्यावर पोट पुढे लोंबतं, डायफ्रॅम खाली सपाट होतो. पोटपट्टा बांधून बसवा. हे डिस्चार्जलाच सांगायला हवं होतं, आमच्याच लोकांची चूक.

रजनी: बरं बाई, 'चिवट' काढते. 'माद्यांत सुधारणा जास्त' हे मात्र राहणार. ढापण्यांनी आता पार्टी करावी.

मिरजकर: काका, लाइट गेली की सक्शनचं काय करता?

जोशीकाका: पायाने चालवायचा पंप आहे. मेडिकलवाल्याला सांगून मागवावा लागतो. नळी कडक होते, जास्तीची आधीच घेऊन ठेवा.