सासूबाई बळजबरी भरवतात, पोरगी घास गालात धरून बसते. काय करू?

दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहीत आहे. मुलगी ३ वर्षे १ महिन्याची. कापूस वेचणी सुरू झाल्यापासून मी सकाळी ८ ला वावरात जाते, ती ४ वाजता परत येते. अंगणवाडीचे दोन तास सोडले तर पोरगी दिवसभर सासूबाईंजवळ असते.

काल वेचणी लवकर आटोपली म्हणून १२ लाच घरी आले. पोरगी सासूबाईंच्या मांडीवर आडवी, समोर तांब्याला टेकवून मोबाइल लावलेला, ताटलीत वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकर. तिचा एक गाल फुगलेला, डोळे मोबाइलवर. सासूबाईंनी दोन बोटांनी गाल दाबला, घास आत गेला की लगेच दुसरा. पाच-सहा घासांनंतर सगळं ओकली. सासूबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि पुन्हा भाकर कुस्करायला घेतली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "पोट रिकामं हाये तिचं, मले समजते."

वजन सांगते. दोन वर्षांची झाली तेव्हा १०.२ किलो होती, आता १२.१ किलो. उंची ९१ सेंमी. अंगणवाडीतल्या ताई म्हणतात, तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात आहे, दंडाचा घेरही १४ सेंमीच्या वर आहे, काळजी करू नका. पण अकोल्याच्या नणंदेचा मुलगा हिच्याच वयाचा आणि १९ किलोचा. सगळे त्याला गुटगुटीत म्हणून कडेवर घेतात आणि आमच्या पोरीकडे पाहून विचारतात, "हिले खायला देत नाही का वं?" सासूबाईंना ते फार लागतं.

त्यांच्यावर रागावताही येत नाही. ७२ च्या दुष्काळात त्या आठ वर्षांच्या होत्या, सुकडीवर दिवस काढलेत. ताटात उरलेला घास त्यांना बघवत नाही. माझी मुलं त्यांनी स्वतःच्या पोटच्यासारखी सांभाळली म्हणून मी वावरात जाऊ शकते. त्यांचं मन न दुखवता हे थांबवायचं कसं? आणि न भरवता सोडलं तर पोरगी खरंच उपाशी राहील का?

वाशीमकर ताई:
मी २२ वर्षे अंगणवाडी सेविका होते. तुमची पोरगी चांगली आहे. दोन वर्षांनंतर लेकरू वर्षाला साधारण २ किलोच वाढतं, तुमचं तेवढंच वाढलं आहे. पहिल्या वर्षी वजन तिप्पट होतं, म्हणून पुढे आपल्याला वाटतं की वाढ थांबली. वाढ मंदावते, तशी भूकही कमी होते.

नणंदेच्या मुलाचं मात्र उंचीसोबत वजन तपासायला सांगा. १९ किलो या वयाला बरंच जास्त आहे, त्याला नुसतं गुटगुटीत म्हणून सोडू नका.

आता मला एक सांगा, १२ च्या जेवणाआधी पोरीच्या पोटात काय काय जातं?

धागाकर्ती:
उठल्यावर दूध बाटलीत, सोबत तीन-चार बिस्किटं. १० वाजता अंगणवाडीत खिचडी. घरी आली की पुन्हा दूध. रडली तर दुकानातलं पाच रुपयाचं पाकीट. संध्याकाळी आमच्यासोबत चहात बिस्किट. लिहिताना माझ्याच लक्षात आलं.

वाशीमकर ताई:
मग १२ ला भूक कुठून लागणार? दिवसभराचं दूध दोन कपांवर आणा, त्यापेक्षा जास्त दुधानं जेवण मागे पडतं आणि रक्तही कमी होतं. चहा बंद करा, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. जेवण आणि मधल्या खाण्यात दोन-अडीच तास फक्त पाणी. फोडणीचं तिखट पडायच्या आधी वरण बाजूला काढा, त्यात तेल किंवा तूप, वर शेंगदाण्याचा कूट. अख्खे शेंगदाणे नको, श्वासनलिकेत अडकतात. काय वाढायचं आणि कधी वाढायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं ते पोरीला ठरवू द्या. नवी भाजी दहा-बारा वेळा समोर आली की मग लेकरू तोंडाला लावतं. "हे संपव, मग चॉकलेट" म्हणू नका, भाजी शिक्षा वाटायला लागते.

सासूबाईंना अंगणवाडीत वजनाच्या दिवशी तुम्हीच घेऊन जा. तक्ता त्यांच्या हातात द्या. सुनेनं सांगितलेलं आणि ताईंनी दाखवलेलं, यात फरक पडतो.

पांढरकवडा:
आमच्या आईचंही असंच होतं. तिला आम्ही "भरवू नको" म्हटलंच नाही. "तू तिच्यासोबत तुझं ताट घेऊन बस" म्हटलं. तिचे हात स्वतःच्या ताटात गुंतले.

धागाकर्ती (१६ दिवसांनी):
सासूबाईंना घेऊन गेले. काटा त्यांनी दोनदा बघितला, तक्त्यावरच्या हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवून पोरीचा ठिपका कुठे आहे ते विचारलं. घरी येताना काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दोघींची ताटं शेजारी. पहिले तीन दिवस पोरीनं चतकोर भाकरही खाल्ली नाही, सासूबाई आणि मी दोघी रडकुंडीला आलो. परवा तिनं स्वतः वरणाची वाटी पुढे केली आणि "आजी, अजून" म्हणाली. सासूबाईंनी मला वावरात फोन करून सांगितलं.

मोबाइल गेला, चहाही गेला. दुपारी झोपताना मात्र बाटली लागतेच, कपातलं दूध ढकलून देते. ती कशी सोडवली कोणी?